काळ्या पडद्यामागचे रविवार

मी एक जुना मॉनिटर आहे, सतरा इंची, काळ्या चौकटीचा. मित्रांनो, तुमच्या घरातल्या पातळ, रुंद पडद्यांपुढे मी ठोकळा दिसेन, पण दोन हजार नऊ साली बुधवार पेठेतल्या दुकानात मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मला बोलता येत नाही. माझ्या जातीच्या काहींमध्ये आवाजाचे डबे असतात, माझ्यात नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला कुणी विचारणार नाही की तू गप्प का बसलास.

मला घरी नेलं मंदाकिनीबाईंनी. रास्ता पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी शिलाईचं मशीन, आणि ब्लाउज शिवून एकटीने वाढवलेली मुलगी, हेमा. हेमाला जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकी हातांनी बोलायच्या, आणि दिवसभर भांडायच्या, हसायच्या, एकमेकींचं बोलणं मध्येच तोडायच्या. शेजारच्यांना मात्र वाटे, काय शांत घर आहे.

पुढच्या वर्षी हेमाला बंगळूरच्या एका कंपनीत संगणकावर माहिती भरण्याचं काम लागलं. तेव्हापासून माझी खरी नोकरी सुरू झाली. दर रविवारी सकाळी दहा वाजता ती माझ्यावर यायची. माझ्या डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून तिला आई दिसे, आणि माझ्या काचेवर आईला ती. मोबाईलवर ती 'पोचले', 'जेवले' एवढंच लिही. मनातलं मात्र हातांनीच. तिच्या वसतिगृहात कॅमेऱ्याचा संगणक एकच होता आणि तिची पाळी अर्ध्या तासाची. त्या अर्ध्या तासासाठी बाई शनिवारीच मला मऊ फडक्याने पुसून ठेवत. इतकं कौतुक माझं दुकानातही कुणी केलं नव्हतं.

मग दसरा आला. ज्याच्यावर आपलं पोट, त्याची त्या दिवशी पूजा करायची, ही तुमची रीत. बाईंनी शिलाई मशीन पुसलं, कात्रीला गंध लावलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "तुझ्यामुळे माझी लेक दिसते." माझ्या चौकटीवर ओल्या कुंकवाचं बोट उठलं, झेंडूचं फूल ठेवलं गेलं, आणि वरून चिमूटभर अक्षता पडल्या. कुंकवात भिजवलेल्या, ओल्या. शिलाई मशीन लोखंडाचं, त्याला अक्षतांचं काय? माझ्या पाठीला मात्र गरम हवा जायला जाळी आहे. दोन दाणे त्या जाळीतून आत घसरले आणि जिथून माझ्या दिव्याला वीज जाते, नेमक्या त्या पट्टीवर जाऊन बसले.

माझं चित्र काचेवर उमटतं, पण काचेमागे दिवा असतो म्हणून ते तुम्हाला दिसतं. आता मी तापलो की तो दिवा विझायचा. कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा. कधी सबंध दिवस काहीच नाही. पडदा काळा. संगणक चालू, कॅमेरा चालू, फक्त मी काळा.

खराडीच्या आयटी कंपनीतला बाईंचा पुतण्या श्याम दोनदा आला. त्याच्यासमोर मी अर्थातच लख्ख उजळलो. आजार डॉक्टरासमोर कधी दिसतो का?

"काकू, चालतोय की हा," तो म्हणाला. "केबल लूज असेल. ड्रायव्हर पण अपडेट करून टाकतो."

त्याने केबल बदलली. दुसऱ्यांदा आला तेव्हा संगणकातली एक पट्टी काढून खोडरबराने घासली, पडदा झोपू नये म्हणून सेटिंगमधली कुठलीशी खूण काढून टाकली, आणि चहा पिऊन गेला. मला उघडून कुणी पाहिलं नाही. मी आतून ओरडत होतो म्हणालो तर खोटं होईल, कारण ओरडायलाही काही लागतं.

पहिल्या एकदोन रविवारी मी विझलो तेव्हा बाईंनी हात हलवून हेमाला सांगितलं, दिसत नाही. मग हेमा कॉल बंद करून पुन्हा लावी, पुन्हा लावी, आणि तेवढ्यात पाळी संपे. माझं बटण दाबलं तर हेमा निघून जाईल, असं बाईंना वाटे. म्हणून त्यांनी एक उपाय काढला. मी विझलो की त्या तशाच माझ्यासमोर बसून राहायच्या, काळ्या काचेकडे बघून हसायच्या आणि मान डोलवायच्या. शेजारणीला म्हणाल्या, "मला ती दिसली नाही तरी तिला मी दिसते ना. पोरीला तेवढंच बरं वाटतं."

असे जवळजवळ वीस रविवार गेले. कधी अर्धं बोलणं दिसे, कधी पाव.

मार्चमधल्या एका रविवारी मी चौथ्याच मिनिटाला विझलो. हेमाला ते कळायचं काही कारण नव्हतं. माझ्या अंधारात तिचे हात स्पष्ट होते, मित्रांनो, मी ते शेवटपर्यंत पाहिले. ती म्हणत होती, मला इथं करमत नाही. डबा एकटी खाते, कुणाला माझी भाषा येत नाही. कंपनी तीन वर्षांच्या करारावर सही मागतेय. मला घरी यायचं आहे. तू फक्त 'नको' म्हण, मी याच आठवड्यात निघते.

मग तिने विचारलं, सही करू?

मंदाकिनीबाई हसल्या. त्यांनी मान डोलवली.

तिने पुन्हा विचारलं, खरंच करू?

बाईंनी दोन्ही हातांनी 'छान, छान' केलं. हेमाचे हात मांडीवर पडले, आणि पाळी संपेपर्यंत ते पुन्हा उठले नाहीत.

बुधवारी मोबाईलवर आलं, 'सही केली. तीन वर्षं. तू हो म्हणालीस.'

बाईंनी ते किती वेळा वाचलं ते मी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी मला चादरीत गुंडाळून त्या रिक्षाने बुधवार पेठेत मुनव्वरभाईंकडे घेऊन गेल्या. त्यांच्या वडिलांपासून, दादामियाँपासून ते दुरुस्तीचं दुकान. मुनव्वरभाईंनी मला संगणकाला जोडलं आणि ते मी काळा होईपर्यंत थांबून राहिले. मग खिशातली विजेरी काढून माझ्या काचेवर तिरपी धरली. काळ्या पडद्यात फिकट, पण सगळं चित्र दिसलं.

"बघा मावशी. चित्र येतंय. मागचा दिवा तेवढा विझतोय."

"म्हणजे ती तिथेच होती?" बाईंनी विचारलं.

"कोण?"

बाईंनी काचेवर हात ठेवला. मुनव्वरभाईंनी मला उघडलं आणि चिमट्याने दोन लाल दाणे काढून तळहातावर ठेवले. "हे कुणी घातलं आत?"

"मीच. दसऱ्याला."

मुनव्वरभाईंनी चिमटा खाली ठेवला. "आमचे अब्बा पण नव्या मशीनला अत्तर लावायचे, मावशी. पण बाहेरून."

घरी आल्यावर बाईंनी मोबाईलवर खरं ते लिहून पाठवलं. पडदा काळा व्हायचा, मला दिसत नव्हतं, मी नुसती मान डोलवत होते. तासाभराने उत्तर आलं.

'मग इतके रविवार मी कोणाशी बोलले?'

त्यानंतर हेमा रविवारी आली नाही. 'पोचले', 'जेवले' एवढं येतं. करार मोडता येत नाही असंही एकदा आलं.

आता मी विझत नाही. दहा वाजता बाई साडी बदलून समोर बसतात, मी सबंध अर्धा तास लख्ख उजळलेला असतो, आणि माझ्यावर हेमाच्या नावापुढचा ठिपका हिरवा न होता करडाच राहतो. या दुरुस्तीचं मी काय करू? मला तिरस्कार वाटतो माझ्या उजेडाचा.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची पूजा नाही केलीत तरी चालेल. बिघडलो तर उघडून पाहा. आणि पलीकडचं माणूस दिसत नसेल, त्याचं बोलणं कळत नसेल, तर त्याला बरं वाटावं म्हणून मान डोलवू नका. दिसत नाही म्हणा. ती खूण सोपी आहे. हात डोळ्यांशी न्यायचा आणि आडवा हलवायचा.

मंदाकिनीबाई आता दर रविवारी ती खूण माझ्यासमोर करतात, पुन्हा पुन्हा, पलीकडे कुणी नसलेल्या कॅमेऱ्याकडे बघून.