यादोरावांचा फोटो

यादोराव वारले तेव्हा त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. यात नवल काही नाही. आपल्याकडे माणूस जिवंत असताना त्याचा फोटो काढायचं कोणाला सुचतच नाही. बैलजोडीचा काढतील, नव्या सायकलीचा काढतील. पण जो रोज समोर जेवायला बसतो त्याचा कशाला? तो काय कुठे पळून जातो! मग एक दिवस तो जातो, आणि पितृपक्षात हार कशावर घालायचा हा प्रश्न पडतो.

सुलोचनाबाईंना हा प्रश्न नवरा गेल्यापासून छळत होता. शेजारच्या तुलारामचा बाप भिंतीवर टोपी घालून ऐटीत बसलेला, आणि आपल्या घरी मात्र रिकाम्या पाटावर फुलं वाहायची, हे त्यांना फार डाचायचं. अशात मोहाडीच्या टेकचंद फोटोवाल्याचं नाव त्यांच्या कानावर आलं. टेकचंद मेलेल्या माणसांचेही फोटो काढतो, असं बाजारात बोललं जाई.

त्याची रीत अशी, की मेलेल्याचा मुलगा घ्यायचा, त्याला बापाचे कपडे घालून बापाच्या जागी बसवायचं आणि बाकीचं हाताने करायचं. ऐंशी साल लागलं होतं, नागपुरात रंगीत फोटो निघत होते, आणि हा पठ्ठ्या काल काढलेला फोटो वीस वर्षांचा म्हातारा करून द्यायचा. औषधाच्या पाण्यात बुडवून काळ्याचा बदामी करायचा, चहाच्या पाण्याने डाग पाडायचा, एक कोपरा मुद्दाम दुमडायचा. "नवा दिसला का लोक शंका घेतेत," तो म्हणायचा. "जुना दिसला का हात जोडतेत." आणि ते खोटं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सुलोचनाबाई मुलाला आणि सुनेला घेऊन त्याच्याकडे गेल्या. मुलगा धनीराम हसऱ्या तोंडाचा, भरल्या गालांचा. बाप गेला तेव्हा तो इतका लहान होता, की त्याला बापाचं तोंड आठवत नव्हतं. सून निर्मला, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. धनीरामने बापाचं धोतर नेसलं, टोपी घातली आणि वरून टेकचंदच्या दुकानातला काळा कोट चढवला. मोहाडी तालुक्यातले निम्मे आजे त्या एकाच कोटात भिंतीवर गेले होते. नवऱ्याला काठी धरून, गाल आत ओढून बसलेलं पाहून निर्मलेला हसू आवरेना. तिने तोंडात पदर कोंबला.

"आता तुमा दोघायचाबी एक काढू का?" टेकचंदने विचारलं.

धनीराम तयारच होता. निर्मलाच म्हणाली, "या लुगड्यात नाई व माय. नवं नेसून येईन कधीतरी." त्या बाईला तरी काय ठाऊक होतं? लुगड्याला खांद्यावर ठिगळ होतं, एवढीच गोष्ट.

पुढच्या बाजाराला दोघी पुन्हा गेल्या. टेकचंद खिडकीत फिल्म टेकवून बसला होता. फिल्मवर सगळं उलटं असतं, त्याने समजावलं. ब्लेडने खरडलं की कागदावर काळी सुरकुती उमटते, पेन्सिल फिरवली की केस पांढरे होतात. पेन्सिलीने त्याने मिशा आणि भुवया आधीच पिकवल्या होत्या. आता चेहरा उरला होता, आणि तो यादोरावांच्या बायकोने सांगायचा होता.

"गाल बसले होते," सुलोचनाबाई म्हणाल्या. टेकचंदने खरडलं. "आनखी थोडे." त्याने आणखी खरडलं. "डोये बारीक होते. कपायावर आठ्या होत्या. हनवटी अशी नाई, निमुयती." त्या सांगत गेल्या, तो बारीक हाताने खरडत गेला. त्या वेळी निर्मलेला ते खरडणं पाहवेना. पण सासूपुढे काय बोलायचं, आणि कागदाच्या फोटोला काय दुखणार आहे, असं मनाशी म्हणत तिने नजर बाहेर बाजाराकडे वळवली.

फोटो सुरेख झाला. बदामी, डागाळलेला, कोपरा दुमडलेला. सुलोचनाबाईंनी तो भिंतीवर लावला, कपाळाला गंध लावलं, हार घातला. आल्या-गेल्याला त्या सांगू लागल्या की यादोराव भंडाऱ्याला कोर्टाच्या कामाने गेले होते तेव्हाचा आहे. सांगता सांगता ते त्यांना स्वतःलाच खरं वाटू लागलं. घरात तेवढी निर्मलाच काय ती हाराकडे पाहून दचकायची. हार घातलेला माणूस परसात बैलांना पाणी पाजत असायचा.

"तुमाले काई वाटत नाई का?" तिने एकदा विचारलं.

"कायचं?" धनीराम हसला. "मी जिता हाव ना! खाऊन पिऊन राहिलो. त्या फोटोले काऊन भेतं तू?"

दिवाळीनंतर धानाचे भारे खळ्यावर आणायचे होते. त्यातल्या एका भाऱ्याखाली साप होता. धनीरामने भारा उचलला आणि हात झटकला. गाडी जुंपून त्याला भंडाऱ्याला नेईपर्यंत वाटेतच सगळं आटोपलं. निर्मलेला तेव्हा दिवस गेलेले होते. मुलगी झाली ती बाप गेल्यावर. बाळाला पाहून बाया म्हणाल्या की अगदी बापावर गेली आहे. निर्मला तिच्याकडे पाहत राहायची आणि ताडून पाहायला तिच्याजवळ काहीच नसायचं.

नाही म्हणायला भिंतीवर होता तो. तिचाच नवरा होता. टेकचंदच्या स्टुलावर तिच्या डोळ्यांदेखत बसला होता. पोर धरून धरून उभी राहू लागली, तसं एके दिवशी निर्मलेने तिला कडेवर घेऊन फोटो दाखवला. "पाह्य व, बाबा."

सुलोचनाबाई चुलीजवळून तीरासारख्या आल्या. "कोनाले बाबा म्हनतं? आजा हाय तो तिचा! माहा मालक हाय!"

"आत्याबाई, बसले तं हेच होते ना तिथं."

"तोंड सांभाय. माह्या मालकाले माह्या भिंतीवरून उतरवतं का तू?"

त्या दिवसापासून घरात ठिणग्या उडू लागल्या. सासू फोटोसमोर बसून राहायची, सून पोरीला तिकडे वळवायची. एका फोटोसाठी दोन विधवा भांडतात हे पाहून गाव हसलं. हसणाऱ्यांच्या भिंतीवर तोच काळा कोट होता, पण ते कोण बोलणार!

शेवटी निर्मला पोरीला घेऊन एकटीच मोहाडीला गेली. "भाऊ, तुमची ती फिल्म असंन ना? मले माहा मानूस पाहिजे. जसा होता तसा. पोरीले दाखवाले."

टेकचंद वाईट माणूस नव्हता. त्याने डबा शोधून फिल्म काढली आणि खिडकीशी धरली. मग कापसाला स्पिरिट लावून पेन्सिल पुसून काढली. आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन त्याने फोटो छापला आणि ओलाच तिच्या हातात दिला. या खेपेला त्याने तो बदामी केला नाही.

मिशी काळी झाली होती. भुवया काळ्या झाल्या होत्या. निर्मलेने फोटो उजेडाकडे धरला. पण त्या काळ्या मिशीवर गाल खोल गेलेले, कपाळ चिरा पडलेलं, हनवटी टोकदार. तरुण केसांखाली एक थकलेला, कोणाचाच नसलेला म्हातारा तिच्याकडे पाहत होता.

"गाल?" तिने विचारलं. "भाऊ, याइचे गाल भरले होते ना."

"पेन्सिल पुसता येते, ताई," टेकचंद खाली मान घालून म्हणाला. "ब्लेडनं गेलं ते गेलं."

परतीच्या वाटेवर तिने डोळे मिटून नवऱ्याला आठवून पाहिलं. हसला कसा, बोलला कसा, सगळं आठवलं. पण चेहरा आणायला गेली की तेच बसलेले गाल पुढे यायचे. तिला धडकीच भरली. नवरा गेला तेव्हा ती इतकी घाबरली नव्हती.

घरी आली तेव्हा सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. निर्मलेने फोटो त्यांच्या सुपात टाकला. "पाहा. तुमी खरडाले लावलं ते भरून येत नाई म्हनते तो. आता तुमीच सांगा, कोन हाय हा? तुमचा का माहा?"

म्हातारीने फोटो उचलला. जवळ नेला, दूर धरला. मग सुपाच्या कडेवर ठेवला.

"कोनाचाच नाई," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"मले त्यायचं तोंड आठोतच नव्हतं, निर्मला." ती सुपातल्या तांदळाशी बोलावी तशी बोलत होती. "डोक्यावर पदर, नजर खाली. सासरा वारला, सासू वारली, तरी मान वर कराची सवय नाई लागली. पाय आठोतेत मले त्यायचे. हात आठोतेत. वाढताना दिसत ना. तोंड कधी पाह्यलंच नाई धड. तो फोटोवाला विचारे, गाल कसे? आता बायकोले ठाऊक नाई म्हनाले लाज वाटे. मंग देल्लं सांगून काईबाई. बसले होते म्हनलं. निमुयती म्हनलं."

निर्मलेने कडेवरची पोर खाली ठेवली.

"त्यायचं तोंड नाई गावलं ते नाईच," म्हातारी म्हणाली, "अन् माह्या लेकराचं होतं ते मी माह्या तोंडानं खरडून टाकलं." आणि मुलगा गेल्यापासून जी बाई लोकांदेखत कधी मोकळी रडली नव्हती, ती सुपावर वाकून हंबरडा फोडून रडली. निर्मला तिच्याजवळ जाऊन बसली. राग होता, तो कुठे ठेवावा हे मात्र तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचनाबाईंनी फोटोचा हार काढला, गंध पुसलं, आणि नातीला कडेवर घेऊन भिंतीपुढे उभ्या राहिल्या. पोरीचं बोट धरून त्यांनी काचेवर टेकवलं.

"पाह्य व बाई," त्या म्हणाल्या. "हा तुहा बाबा."

पोर खुदकन हसली आणि तिने आजीच्या कडेवरून निर्मलेकडे वळून पाहिलं, खरं का ते विचारल्यासारखं. ज्या शब्दासाठी निर्मला इतकी भांडली होती, तो शब्द समोर आला होता. पण तिला हो म्हणवेना.