सायगावमधली अर्ध्या दिवसाची सहल

उल्का निमकरला खरं तर सायगाव बघायचंच नव्हतं. पाच आठवडे ती त्या शहरात होती, पण हॉटेल ते कारखाना आणि कारखाना ते हॉटेल एवढाच तिचा रस्ता. शनिवारी उशिरापर्यंत लोळायचं आणि दुपारी नेदरलँड्समधल्या बेस्टला, घरी फोन लावून लेकीशी, अवनीशी पोटभर बोलायचं असं तिने ठरवून टाकलं होतं. पण शुक्रवारी संध्याकाळी श्रीहर्षचा मेसेज आला: "उद्या सकाळी आठला सगळ्यांनी लॉबीत. यजमानांनी आपल्यासाठी हाफ डे सिटी टूर ठेवलीय. दांडी मारायची नाही."

श्रीहर्षचं म्हणणं उल्का सहसा मोडत नसे. तो तिचा मॅनेजर तर होताच, पण बेस्टमध्ये चार घरं सोडून राहणारा शेजारीही होता. तीन वर्षांपूर्वी उल्का, तिचा नवरा संजीव आणि सहा वर्षांची अवनी पुण्याहून आली, तेव्हा स्टेशनवर घ्यायला हाच आला होता. गेमेन्तेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नावं नोंदवण्यापासून जुन्या सायकली मिळवून देण्यापर्यंत सगळं त्याने केलं. उल्काला सख्खा भाऊ नाही. ती त्याला श्रीहर्षदादा म्हणायला लागली ते कधीपासून, हे तिलाही आठवत नव्हतं.

त्यांची कंपनी आइंडहोवेनजवळची. चिप बनवणाऱ्या यंत्रांसाठी भिंगांचे संच तयार करते. संचातली भिंगं एका रेषेत आणायचं शेवटचं नाजूक काम उल्काच्या लाइनवर चाले. सहा माणसांची लाइन, त्यात सगळ्यांत तरबेज उल्का. "कामाचा व्याप वाढतोय, म्हणून सायगावला दुसरी लाइन उभी करतोय. तिथल्या मुलींना शिकवायला तुझ्याइतकं चांगलं कोण?" असं श्रीहर्ष म्हणाला, आणि उल्का अभिमानाने बॅग भरून निघाली.

शनिवारी मिनीबसमध्ये कंपनीचे आणि इथल्या कारखान्यातले मिळून नऊ जण होते. उल्काशेजारी लिन येऊन बसली. उल्काने शिकवलेल्या आठ मुलींमधली ही सगळ्यांत हुशार. सव्वीस वर्षांची, हसताना तोंडावर हात धरणारी. पुढे उभा राहून तुआन नावाचा गाइड मायक्रोफोनवर बोलत होता. हातात पिवळी झेंडी, कपाळावर घाम. "रस्ता ओलांडताना थांबू नका, पळू नका. सरळ चालत राहा. मोटारसायकली तुम्हाला वळसा घालून जातील," असं त्याने बजावलं आणि सगळे हसले.

आधी राजवाडा झाला. हिरवळीवर जुने रणगाडे ठेवलेले, आत लांबलचक टेबलांची बैठकीची दालनं, तळघरात बिनतारी यंत्रं आणि भिंतभर नकाशे. मग बस चिनी वस्तीतल्या देवळात गेली. देऊळ लहान, पण आत पाऊल टाकलं आणि उल्का क्षणभर बघतच राहिली. छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगली होती आणि प्रत्येक वेटोळ्याला एक गुलाबी चिठ्ठी. "घरातल्यांची नावं आणि मागणं लिहायचं. उदबत्ती आठवडाभर जळते, तोवर देवी ते मागणं ऐकते," लिनने समजावलं. मग ती काउंटरवर गेली, एक वेटोळं घेऊन आली आणि पेन काढून म्हणाली, "हे माझ्याकडून तुमच्यासाठी. नवऱ्याचं आणि मुलीचं नाव सांगा."

उल्काने सांगितलं. लिनने जपून एकेक अक्षर लिहिलं. मग विचारलं, "आणि मागणं? नवी नोकरी लवकर मिळू दे, असं लिहू?"

"नवी नोकरी? कोणाला?"

"तुम्हाला. मार्चनंतरची." उल्काच्या चेहऱ्याकडे बघून लिनचं पेन थांबलं. "तुमच्याकडची लाइन मार्चमध्ये बंद होतेय ना? मिस्टर श्रीहर्ष जूनमध्ये इथे आले होते, तेव्हाच बोलले. सगळ्यांना कल्पना आहे, सगळे नोकऱ्या शोधतायत, म्हणाले. तरीसुद्धा तुम्ही इतक्या मन लावून शिकवता, म्हणून आम्ही मुली रोज..." तिने हात तोंडावर नेला, पण या वेळी ती हसत नव्हती.

जूनमध्ये. उल्काच्या डोक्यात तो महिनाच घोळत राहिला. जूनच्या शेवटी तिला वेल्डहोवेनच्या एका कंपनीकडून ऑफर आली होती. चांगली होती, घरापासून सायकलने अर्ध्या तासावर. ती विश्वासाने श्रीहर्षकडे गेली होती, आणि तो मान हलवत म्हणाला होता, "वेडी आहेस का? आत्ता नोकरी बदललीस तर परमिटचे कागद पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षं पूर्ण होऊ देत, मग पर्मनंट रेसिडेन्सी घे आणि कुठेही जा. माझं ऐक." तिने ऐकलं. त्याच रात्री ऑफर नाकारल्याची मेल पाठवून दिली.

देवळातून बस टपाल कचेरीकडे गेली. उंच कमानी, लाकडी टेलिफोन बूथ, भिंतीवर जुने नकाशे. तुआन झेंडी उंचावून माहिती सांगत होता. त्याच्या घोळक्यातून उल्काने श्रीहर्षला बाजूच्या बाकाकडे नेलं. मराठी कळणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं.

"लाइन बंद होतेय हे तुम्हाला जूनपासून माहीत होतं?"

तो बाकावर बसला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "कोणी सांगितलं?"

"म्हणजे माहीत होतं."

"हळू बोल. उल्का, मी गुप्ततेच्या करारावर सही करून बसलो होतो. कोणाला बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती. दिवाळी झाली की सांगणारच होतो."

"मला तुमचं गुपित नको होतं. पण माझी ऑफर? ती का नाकारायला लावलीत?"

"तू गेली असतीस तर इथे शिकवलं कोणी असतं?" तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यालाच कळलं. मग घाईघाईने म्हणाला, "हे बघ, तुझं काहीतरी करूच आपण. मी आहे ना."

"तुम्ही आहात, तेच तर दिसतंय," उल्का म्हणाली. दादा हा शब्द तिच्या तोंडातून पुन्हा कधी निघाला नाही.

सहल मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली. शेवटी एका कारागिराच्या दुकानात अंड्याच्या कवचाचे तुकडे लाकडावर चिकटवून चित्रं कशी करतात ते दाखवलं. सगळ्यांनी बर्फाची कॉफी घेतली, दारात फोटो काढला. त्या फोटोत उल्का दुसऱ्या रांगेत आहे.

सोमवार-मंगळवार शिकवणीचे दोन दिवस उरले होते. खरी मेख तिने शेवटी ठेवली होती: भिंग किंचित तिरकं बसलं की पडद्यावर काय दिसतं आणि ते बोटांनी कसं ओळखायचं. मॅन्युअलमध्ये नसलेलं असं बरंच तिने एका वहीत टिपून ठेवलं होतं. ती वही तिने बॅगेतून काढलीच नाही. दोन दिवस मॅन्युअल मोठ्याने वाचून दाखवलं. लिनने दोनदा प्रश्न विचारले. दोन्ही वेळा उल्काने पान नंबर सांगितला. निघताना लिफ्टपाशी लिन म्हणाली, "सॉरी." उल्का लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली. त्या पोरीचा काय दोष होता? कोणीतरी उल्काशी खरं बोललं असेल, एवढंच तिला वाटलं होतं. श्रीहर्षवरचा राग उल्काने तिच्यावर काढला, आणि हे तिला आजही सलतं.

बेस्टला परत आल्यावर दोन आठवड्यांत मार्चमध्ये नोकरी संपत असल्याचं पत्र आलं. सोबत परत करायच्या गोष्टींची यादी: लॅपटॉप, ओळखपत्र, आणि कामासंबंधी लिहिलेल्या सर्व नोंदी. वही तिला द्यावी लागली. एचआरमधल्या बाईंनी ती उलटून बघितली, बरीचशी मराठीत होती म्हणून भुवया उंचावल्या, आणि खोक्यात टाकली.

घरातल्या तिघांचं राहण्याचं परमिट उल्काच्या नोकरीवर होतं. नोकरी संपल्यावर दुसरी शोधायला तीन महिने. वेल्डहोवेनची जागा केव्हाच भरली होती. तिने विचारलं तेव्हा तिथल्या माणसाने हेही सांगितलं की परमिटचे कागद पहिल्यापासून वगैरे काही करावं लागलं नसतं. नव्या कंपनीने फक्त कळवायचं असतं. उल्काने पार जर्मनीच्या सीमेजवळच्या एनस्खेडेपर्यंत मुलाखती दिल्या. कुठे डच हवं होतं, कुठे भरतीच थांबलेली. दोन महिने असे गेले, आणि मग श्रीहर्षने शब्द पाळला. ज्या फर्मकडून त्यांची कंपनी सॉफ्टवेअर घेत असे, तिथे त्याने संजीवसाठी शब्द टाकला. एक वर्षाचा करार. परमिट आता संजीवच्या नावावर होणार होतं.

"नको घेऊस," उल्का म्हणाली.

"मग काय करू? परत जाऊ? अवनी आता डचमध्ये स्वप्नं बघते," संजीव म्हणाला. "त्याने चूक केली, आता भरून काढतोय. तुला आणखी काय हवंय?"

उल्का अवनीचा डबा भरायला उठली. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका भेटल्या की म्हणायच्या, "नशीबवान आहात गं, श्रीहर्षसारखा माणूस पाठीशी आहे." ती मान डोलवायची.

ऑक्टोबरात संजीवने श्रीहर्षला जेवायला बोलावलं. उल्काने अळूवडी केली, भरली वांगी केली. जेवण अर्ध्यावर आलं आणि श्रीहर्ष म्हणाला, "उल्का, तुझ्यासाठी काम आणलंय. तपासणीची लाइन आता मलेशियात पेनांगला उभी करतोय. सहा आठवडे, सल्लागार म्हणून जायचं. सायगावच्या मुली अजून तुझं नाव काढतात."

"इथली तपासणीची लाइन? त्यावर कोण कोण आहे?"

"प्रताप आणि आणखी तिघं."

प्रताप वैद्य मागच्या गल्लीत राहायचा. त्याची बायको प्रांजली सात महिन्यांची गरोदर होती.

"त्यांना सांगितलंय?"

श्रीहर्षने वांग्याचा देठ ताटाच्या कडेला सारला. "वेळ आली की सांगू. ते माझ्यावर सोड."

संजीवने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. "विचार करून सांगते," उल्का म्हणाली आणि वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकलवरून थेट प्रतापच्या दारी गेली. आतसुद्धा गेली नाही. उंबऱ्यातच उभी राहून जे ऐकलं ते सगळं तिने सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आत्ताच शोधायला लाग. कोणी थांब म्हणालं तर थांबू नकोस." प्रताप पांढराफटक पडला होता. प्रांजलीने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

प्रतापला सहा आठवड्यांत दुसरीकडे नोकरी मिळाली. त्याच्यामागोमाग आणखी एक जण गेला. पेनांगचं काम रखडलं. बातमी कुठून फुटली हे शोधायला श्रीहर्षला फार वेळ लागला नाही. तो उल्काला एका शब्दाने बोलला नाही. रस्त्यात दिसला की आधीसारखाच हात करायचा. एप्रिलमध्ये संजीवला कळवण्यात आलं की करार पुढे वाढवता येणार नाही.

त्या संध्याकाळी संजीवने कोट काढला नाही, तसाच सोफ्यावर बसला. "दुसऱ्याचं घर वाचवलंस," तो म्हणाला. "आपलं कोण वाचवणार होतं?" त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं सुरू झालं. या वेळी त्यांच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नव्हतं. जुलैची तिकिटं काढली. अवनीने शाळेत सांगितलं की ती सुट्टीला जातेय. तिने खरं का सांगितलं नाही, हे उल्काने विचारलं नाही.

निघायच्या दोन आठवडे आधी उल्का सुपरमार्केटमध्ये प्रवासासाठी बिस्किटं घ्यायला गेली होती. ढकलगाडी वळवली तर समोर प्रताप आणि प्रांजली. प्रांजलीच्या छातीशी झोळीत बाळ. उल्का हसली, बाळ बघायला एक पाऊल पुढे झाली. प्रतापची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. मंडळातलं एक जोडपं तिथे फळं निवडत होतं. श्रीहर्षचे मित्र.

"जरा घाईत आहोत हं, उल्काताई," प्रताप म्हणाला, आणि प्रांजलीच्या पाठीवर हात ठेवून त्याने तिला पलीकडच्या ओळीत वळवलं. प्रांजलीने एकदा मागे वळून बघितलं. मग तीही गेली.

उल्काने बिस्किटांचे चार पुडे घेतले, मग एक परत ठेवला, आणि पैसे द्यायच्या रांगेत उभी राहिली.