कोर्ट उठेपर्यंत

“कुणी लावली ही सायकल इथं? येताजाता पायडल नडगीला लागायलंय. कोर्ट हाय का आठवडी बाजार हाय?”

शिपाई नडगी चोळत पुटपुटला आणि फायलींचा गठ्ठा काखेत मारून आत गेला. मला इथं कुणी लावलेलं नाही, बोलावलेलं आहे, हे त्याला कसं सांगणार? माझ्या हँडलला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय, त्यावर केसचा नंबर आहे. माणसाला असं बोलावलं की साक्षीदार म्हणतात, मला मुद्देमाल म्हणतात. फरक एवढाच, की साक्षीदाराला निदान विचारतात तरी.

मित्रांनो, मी एक जुनी लेडीज सायकल आहे. आमच्या केसचा पुकारा व्हायला अजून वेळ आहे. दार उघडं आहे, आतलं सगळं दिसतं. तोवर तुम्हाला माझी हकिगत सांगते.

लांबच्या एका कारखान्यात नळ्या जोडून मला घडवलं आणि गोणपाटात गुंडाळून गुलमंडीच्या एका दुकानात आणून टांगलं. तिथून खुलताबादच्या एका अत्तरवाल्यानं मला आपल्या लेकीसाठी नेलं. तिचं नाव राहत. दर्ग्याच्या बाजूचा उतार आला की ती दोन्ही पाय वर घेऊन घंटी वाजवत सुटायची. समोर माणूस असो नसो, घंटी वाजलीच पाहिजे. पोरीचं लग्न झालं आणि मी मागच्या खोलीत गेले. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. कोंबड्या बसल्यावर आणखी काय काय करतात, ते सांगत नाही.

मग तिचा चुलतभाऊ फारूख मला घेऊन बजाजनगरला आला. तिथं त्याची पंक्चरची टपरी होती. त्यानं मला रॉकेलनं धुतलं, नवी चेन घातली, डाळिंबी रंग दिला आणि मागं एक लाल काच बसवली. “दिसली पाहिजे मागून येणाऱ्याला,” म्हणाला. भोळा माणूस. मागून येणारा बघतो, असं त्याला वाटायचं.

त्याच्याकडून मला द्वारकाबाईनं घेतलं. द्वारकाबाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. पहिल्या पाळीच्या आधी तव्याशी उभं राहावं लागे आणि त्या वेळी रिक्षा मिळत नसे. म्हणून दोन लेकरांची आई झालेली ही बाई भर मैदानात सायकल शिकली. तिची सासू मनकर्णाबाई उंबऱ्यात उभी राहून बघायची.

“पदर गेला का चाकात, मग कळंल.”

“खोचलाय ना आत्याबाई.”

“आन् गुडघं फुटल्यावर?”

“मग तुमी हळद लावा.”

मनकर्णाबाईनं हळद लावली, शिव्या घालत लावली. ती म्हातारी बोलली नाही तर तिचं पोट दुखतं. पण रविवारी माझ्या चेनला तेल घालायची आठवण तीच करायची. तिचा मुलगा फकिरा तेल घालायचा. मी लाडाची होते, मित्रांनो. कँटीनमधल्या बाया मला ‘द्वारकीची मोटार’ म्हणायच्या, आणि मी मोटारीसारखीच ऐटीत उभी राहायचे.

आता काकासाहेबांबद्दल सांगते. कंपनीच्या कँटीनचा ठेका त्यांचा. कंपनीत हमालीची माणसं पुरवायचं कंत्राटही त्यांचंच, त्यात फकिरा होता. फारूखची टपरी ज्या प्लॉटवर होती तो प्लॉटही त्यांचा. म्हणजे आमच्या गल्लीत चूल पेटायची ती काकासाहेबांच्या नावानं. त्यांची एक जीप होती, गडद हिरवी, बाटलीच्या काचेसारखी. तसा रंग त्या भागात दुसऱ्या गाडीला नव्हता. बद्रीनाथ तिचा ड्रायव्हर.

दसऱ्याच्या आधीची ती सकाळ. चांगलं उजाडलं होतं. आम्ही रस्त्याच्या डाव्या कडेनं, डांबर सोडून मुरमावरनं चाललो होतो. द्वारकाबाई गुणगुणत होती. मागून आवाज आला आणि पुढच्या क्षणी माझं मागचं चाक माझं राहिलं नाही. मी एकीकडं, ती एकीकडं. तिचा उजवा हात कोपरातून असा वळला होता, जसा हात वळत नसतो.

जीप पुढं जाऊन थांबली. काकासाहेब खाली उतरले. एकटेच होते. बद्रीनाथ त्या दिवशी अजिंठ्याला सासरवाडीत होता. ते दोन पावलं आले, द्वारकाबाईचं तोंड बघितलं आणि म्हणाले, “अरेरे.” मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, परत जीपमध्ये बसले आणि निघून गेले.

एवढंच. अरेरे.

फारूख टपरीवरनं धावत आला. “वहिनी, हलू नका, हाताला हात लावू नका,” म्हणत त्यानं तिला टेकवून बसवलं. कंपनीच्या गेटवरून फकिरा पळत आला. द्वारकाबाईनं त्याला पहिलं वाक्य सांगितलं ते हे, “काकासाहेब व्हते. स्वतः चालवीत व्हते. माझ्याकडं बघून गेले.”

फकिरानं इकडं तिकडं बघितलं.

“गप. तुझ्या डोक्याला मार लागलाय.”

“डोक्याला नाय, हाताला लागलाय.”

“गप म्हणतो ना.”

फारूखनं मान फिरवली आणि माझं चाक उचलू लागला.

सरकारी दवाखान्यातून ती प्लास्टर घालून घरी आली तेव्हा तिचा जबाब झालेला होता, फकिरानं सांगितला तसा. ‘गाडी मागून आली, चालवणारा दिसला नाही.’ फारूखनं हवालदाराला हिरवी जीप सांगितली. चालवणारा मात्र नाही सांगितला. “मी पंक्चर काढत होतो साहेब, पाठ होती माझी,” म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, ते मला माहीत होतं. हवालदाराला माहीत नव्हतं.

तरीही एक गोष्ट उरली होती, मित्रांनो. माझ्या मागच्या मडगार्डवर त्या जीपचा हिरवा रंग घासून बसला होता, चांगला बोटभर रुंद पट्टा. जीप किती जोरात आली, कुठून आली, सगळं त्या पट्ट्यात होतं. हवालदार म्हणाला, “सायकल तशीच ठेवा, दसऱ्याच्या बंदोबस्तातून सुटलो की येतो पंचनाम्याला.”

मध्ये खंडेनवमी आली.

तुमच्याही घरी त्या दिवशी हत्यारं, अवजारं पुजत असतील. आमच्या घरी विळी, पाटा, फकिराचा हमालीचा आकडा आणि मी, अशी पूजा असायची. द्वारकाबाई प्लास्टरमध्ये झोपून होती, फकिरा पाळीवर होता. मनकर्णाबाई माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, “माझ्या सुनेला वागवलंस बाई तू, आन् तुला अशी घाणेरडी ठिवू व्हय पूजंला?” तिनं रॉकेलचा बोळा घेतला, राख घेतली आणि मला घासलं. मडगार्ड तर लखलखीत केला. वाकड्या चाकाला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडू बांधला. इतक्या मायेनं मला आजवर कुणी पुसलं नव्हतं.

त्याच दिवशी काकासाहेबांच्या जीपलाही झेंडूचा हार होता. तिचा पुढचा भाग गॅरेजमधून नवा रंग लावून आला होता. सण एकच. तिथं हिशेबानं पुसलं, इथं मायेनं. काम मात्र सारखंच झालं.

दसऱ्यानंतर हवालदार आला, मला फिरवून बघितलं आणि लिहिलं, ‘मागचे चाक वाकडे, मडगार्ड दबलेला, इतर खूण आढळली नाही.’ कोर्ट बोलावील तेव्हा सायकल घेऊन या, म्हणून मला घरीच ठेवलं. फकिरानं आईकडं बघितलं. म्हातारीला तेव्हा कळलं, आपण काय पुसलं ते. त्या दिवसापासून ती माझ्याकडं बघून बोलेना, आणि तिनं न बोलणं म्हणजे काय, हे आमच्या घरानं पहिल्यांदा पाहिलं.

मग काकासाहेब घरी आले. मोसंब्या घेऊन आले. खाटेवर बसले आणि माझ्या सीटवर हात ठेवला. मी थरथरले, पण वाकड्या चाकाची सायकल थरथरली तर कुणाला कळणार?

“द्वारकाबाई, देवानं वाचवलं बघा.”

द्वारकाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. तेही बघत होते. दोघांनाही माहीत होतं की दोघांनाही माहीत आहे.

“बद्रीनाथची चूक झाली,” काकासाहेब म्हणाले. “मी त्याला लई बोललो. तो कबूल करायला तयार हाय कोर्टात. हलका धक्का लागला, बाई तोल जाऊन पडल्या, असं हाय ते. वकील म्हणतो, लगेच मिटंल. उगं केस लांबवून तुमालाच हेलपाटे. काय फकिरा?”

“व्हय साहेब.”

“बद्रीनाथला काय व्हईल?” द्वारकाबाईनं विचारलं.

“काय व्हायचंय! थोडा दंड, तो मी बघतो. आन् कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा.”

“म्हंजे?”

“म्हंजे संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचं. जज्जसाहेब उठले की ह्योबी उठला.”

ते हसले. फकिराही हसला, कारण ते हसले होते.

मित्रांनो, मी शिकलेली नाही. पण तो वकील नंतर आमच्याच दारात फकिराला समजावत होता, ते मी ऐकलं. बेदरकारपणे गाडी चालवून एखाद्याला जबर जखमी केलं तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण ‘किंवा दंड’ असंही तिथंच लिहिलेलं आहे. कायद्यानं एक मोठं दार केलं आणि शेजारी एक खिडकी ठेवली. सगळे खिडकीतून जातात. आणि शिक्षा कसली, तर बाकावर बसण्याची! माझी द्वारकाबाई दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत कितीदा संध्याकाळपर्यंत बसली. तिनं काय गुन्हा केला होता?

हाड जुळलं, पण हात सरळ झाला नाही. लाटणं धरलं की बोटं उघडतात. कँटीननं दुसरी बाई घेतली. द्वारकाबाई आता घरी डाव्या हातानं लसूण सोलते, माझ्याजवळ बसून. माझ्या हँडलला कांद्याची माळ असते, सीटवर ओली फडकी. एकदा घरात कुणी नव्हतं तेव्हा ती मला म्हणाली, “मला त्यान्चं काय नको गं. त्यान्नी एकदा त्या कठड्यात उभं ऱ्हावं. साहेबानं विचारावं, तुम्ही केलं का? आन् त्यान्ला उत्तर द्यावं लागावं. बस, एवढंच.”

पण फकिरानं तिच्याकडून शब्द घेतला होता. माझी नोकरी जाईल, लेकरं उघडी पडतील, तू बोलायचं नाही, म्हणाला. तिनं मान हलवली. तिचा शब्द तिच्या हातासारखा नाही, वाकत नाही. म्हणून ती आज बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला तेलपाणी करा, पावसात ठेवू नका. माझी तशी मागणी नाही. मला भंगारात घाला, माझं काही म्हणणं नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, मोठ्या गाड्या चालवाल. कडेनं कुणी सायकलवर चाललं असेल तर त्याच्या डब्यात भाकरी आहे आणि त्याच्या पोहोचण्यावर कुणाची तरी चूल आहे, हे ध्यानात ठेवा. आणि चूक झालीच, तर थांबा. नुसतं अरेरे म्हणून निघून जाऊ नका. आणि तुम्ही चालवणारे नसाल, नुसते बघणारे असाल, तर पाठ होती म्हणू नका.

पुकारा झाला. शिपायानं मला ढकलत आत आणलं, भिंतीला लावलं आणि परत नडगी वाचवत बाजूला झाला.

बद्रीनाथ कठड्यात उभा राहिला. इस्त्रीचा सदरा घालून आला होता, लग्नाला आल्यासारखा. त्याचा चेहरा मात्र लग्नातला नव्हता. काकासाहेब मागच्या बाकावर पाय पसरून बसले होते. त्यांच्या शेजारी फकिरा, बाकाच्या टोकाला जेमतेम टेकून. पलीकडं द्वारकाबाई, उजवा हात पदराखाली. आणि मनकर्णाबाई. तिला घरी राहा म्हटलं होतं, तरी आली होती. बाकावर न बसता ती खाली फरशीवर बसली होती.

वकील भराभर बोलला. हलका धक्का, बाईंचा तोल, गरीब ड्रायव्हर, पहिलाच गुन्हा. साहेब लिहीत होते. त्यांच्यापुढं फायलींची चवड होती, त्यात आमची एक.

“बद्रीनाथ, तुमच्यावरचा आरोप वाचून दाखवला. गुन्हा कबूल आहे?”

बद्रीनाथनं काकासाहेबांकडं बघितलं. मग द्वारकाबाईकडं बघितलं आणि मान खाली घातली. कबूल म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात फरशीवर हात टेकून मनकर्णाबाई उठली.

“त्याला काय इचारता साहेब?”

“आजी, खाली बसा,” शिपाई म्हणाला.

“बसते की. बोलून झालं का बसते.”

“आये,” फकिरा दबक्या आवाजात म्हणाला. “आये, बस खाली.”

काकासाहेबांनी पसरलेले पाय जवळ घेतले. साहेबांनी पेन थांबवलं. “कोण आहात तुम्ही?”

“ह्या पोरीची सासू. ह्यो बद्रीनाथ त्या दिवशी अजिंठ्याला सासरवाडीत व्हता. जीप काकासाहेब चालवीत व्हते, हे मागं बसल्यात ते.” तिनं बोट केलं, आणि ते बोट हललं नाही. “माझ्या सुनेनं त्यान्ला तिथंच वळखलं, त्याच घडीला सांगितलं. पन तिचं तोंड ह्या माझ्या लेकानं दाबलं, साहेब. आन् मी बघत बसले.”