सहा-दहाची नोंद

दूध संघाच्या वाहतूक विभागात सकाळचा पहिला चहा कुणाच्या टेबलावर येतो, यावरून माणसाची किंमत कळते, असं हंबीररावांचं मत होतं. एकोणीस वर्षं तो त्यांच्या टेबलावर येत होता. दिवाळी झाली आणि तो प्राचीच्या टेबलाकडे वळला. चहावाल्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. तिचं टेबल दाराजवळ होतं, एवढंच. पण हे हंबीररावांना कुणी पटवून देऊ शकलं नसतं. त्या दिवसापासून त्यांना चहा कडू लागायला लागला.

प्राची माधवनगरची. वाहतूक नियोजनात एम. टेक. केलेली, वय अठ्ठावीस, बोलणं हळू आणि नेमकं. संघाचे चेअरमन भूपालअण्णा यांनी तिला आणलं, कारण लिटरमागे वाहतुकीचा खर्च दरवर्षी चढत होता. संघाच्या अकरा गाड्या रोज पहाटे निघायच्या. एकीकडे रहिमतपूरपर्यंत जायच्या, दुसरीकडे पलूसच्या वरच्या अंगाला दुष्काळी वस्त्यांपर्यंत. कोणत्या गाडीनं कोणत्या गावाहून कुठं वळायचं, किती वाजता पोचायचं, किती कॅन घ्यायचे, हे सगळं हंबीररावांनी बसवलेलं होतं, आणि तेही निव्वळ डोक्यात. त्यातही तीन नंबरचा रूट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एकोणीस वर्षांत तीन नंबरच्या गाडीची वेळ एकदाही चुकली नाही, असं दरवर्षी वार्षिक सभेत सांगितलं जायचं आणि हंबीरराव पहिल्या रांगेत बसून ते दरवर्षी नव्यानं ऐकायचे.

प्राचीनं आल्या आल्या त्यांच्याकडे गाड्यांच्या नोंदवह्या मागितल्या. हंबीररावांनी ढीग काढून दिला, थोडा ऐटीतच. ती पोरगी महिनाभर त्या वह्या संगणकात भरत बसली. प्रत्येक थांब्यावर गाडी कधी पोचली, कधी सुटली, दूध किती भरलं, पुढचा थांबा किती लांब. मग तिच्या प्रोग्रॅमनं लाखो तऱ्हांनी गाड्या फिरवून पाहिल्या, आणि जे दूध अकरा गाड्या आणत होत्या ते नऊ गाड्यांत येतं, असा कागद बाहेर पडला.

भूपालअण्णांनी तो कागद सगळ्या स्टाफसमोर वाचला. वाचताना त्यांनी प्राचीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर हंबीररावांच्या ओळखीची होती. ती इतकी वर्षं त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण एकोणीस वर्षं धूळ खाल्ली, थंडीत गाडीच्या टपावर बसून रस्ते पाहिले, आणि हिनं पंख्याखाली बसून दोन गाड्या उडवल्या. बरं, तिनं उद्धटपणा केला असता तर राग तरी मोकळा करता आला असता. ती प्रत्येक वेळी ‘काका, तुमच्या वह्यांमुळेच जमलं’ असं म्हणायची, आणि ते जास्तच झोंबायचं.

ड्रायव्हरसुद्धा फिरले. नाथाजी तीन नंबरवर पहिल्यापासूनचा, हंबीररावांचा उजवा हात. त्याला नव्या आखणीत खालच्या अंगाचा सोपा रूट मिळाला. ताईंनी लय चांगलं बसवलंय, आता आठच्या आत घरी पोचणार, असं तो त्यांच्याच तोंडावर सांगून गेला. हंबीररावांनी त्या दिवशी जेवणाचा डबा अर्धा परत नेला.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी नऊ गाड्यांची चाचणी सुरू व्हायची होती. शनिवारी नव्या वेळांचा तक्ता हंबीररावांच्या टेबलावर सहीला आला. त्यांनी चष्मा लावला आणि वरवर नजर टाकत खाली आले. तीन नंबर. बिरोबाचा फाटा: पोच सहा-दहा, सुट सहा-चौदा.

तिथं त्यांचं बोट थांबलं.

बिरोबाच्या फाट्यापासून तीन किलोमीटर आत एक वस्ती होती, अकरा घरांची. पुरुषमाणसं मेंढरं घेऊन आठ-आठ महिने लांब जायची. मागे बायका आणि दोन-दोन गाई. दूध डोक्यावर घेऊन बायका फाट्यावर यायच्या. वाटेत ओढा होता, आणि थंडीत उजाडल्याशिवाय तो ओलांडता येत नसे. फाट्यावर पोचायला सहा पस्तीस व्हायचे. एकोणीस वर्षांपूर्वी हंबीररावांनी स्वतः गाडीत बसून ते पाहिलं होतं, आणि नाथाजीला सांगितलं होतं की थांबत जा. पण वहीत पंचवीस मिनिटांचा थांबा लिहिला असता तर संचालकांनी विचारलं असतं, अकरा घरांसाठी गाडी कशाला उभी करता? फाटाच बंद केला असता. म्हणून त्यांनी लिहायला लावलं, सहा-दहाला पोच, सहा-चौदाला सुट. उरलेली मिनिटं नाथाजी पुढं गाडी पळवून भरून काढायचा. दुसऱ्या वर्षी सभेत टाळ्या पडल्या. मग ती नोंद खोडणं शक्यच राहिलं नाही.

आता प्राचीच्या प्रोग्रॅमनं ती नोंद खरी मानली होती. नवा ड्रायव्हर सहा-चौदाला निघून जाणार आणि बायका रिकाम्या फाट्यावर पोचणार. हंबीररावांना हे एका क्षणात दिसलं. एक वाक्य बोलायचं होतं. प्राची चार हातांवर बसली होती. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे तीन नंबरचा मान आपल्याच हातानं उतरवायचा, तोही हिच्यासमोर. आणि खरं सांगायचं तर, तिचं यंत्र आपटलेलं त्यांना पाहायचं होतं. त्यांनी सही केली.

सोमवारी एकशे चाळीस लिटर दूध कमी आलं. मंगळवारीही तितकंच. बुधवारी नाथाजी बाजूला येऊन हळूच म्हणाला की वस्तीवरची सुलाबाई नि बाकीच्या बायका फाट्यावर नुसत्या उभ्या असतात, दूध परत नेतात. हंबीरराव म्हणाले, ताईंना सांग की, आता त्या मालक. हे म्हणताना त्यांना बरं वाटलं. नाथाजी तसाच वळून निघून गेला.

गुरुवारी मात्र त्यांना राहवलं नाही. पहाटे स्कूटर काढून ते फाट्यावर गेले. गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. ओढ्याच्या अंगानं बायका वर येत होत्या, पुढं सुलाबाई. त्यांना पाहून तिचा चेहरा उजळला, आणि तेच हंबीररावांना सोसलं नाही. तिनं कॅन खाली ठेवला. चार दिवस दूध परत जातंय, विरजून विरजून किती विरजणार, कालचं तर वासरांना पाजलं, असं ती सांगत राहिली. तक्रार म्हणून नाही. आता हे आले म्हणजे मिटलं, अशा सुरात.

“तुमी हाय म्हणून आमी निवांत व्हतो,” ती म्हणाली. “काल ती बाय बी आली व्हती, संघातली. समदं इचारून गेली. गाडी कवापासनं थांबती, किती वेळ थांबती. मी सांगितलं, आमच्या रावांनी पयल्यापासनं थांबवली हाय.”

म्हणजे प्राचीला कळलं होतं. नाथाजीनं खरंच जाऊन सांगितलं असणार. आता शनिवारच्या बैठकीत ती सगळ्यांसमोर वही उघडणार आणि सहा-दहावर बोट ठेवणार. हंबीररावांनी घाईनं स्कूटर वळवली. दोन दिवस त्यांनी उत्तरं जुळवली. वही नाथाजी भरायचा. सुलाबाईला घड्याळ कळत नाही. पूर्वी वेळ वेगळी होती. एकही धड उत्तर नव्हतं, पण शनिवारी ते इस्त्रीचा सदरा घालून गेले.

बैठकीत भूपालअण्णांचा पारा चढलेला होता. पाच दिवसांत सातशे लिटर दूध गेलं कुठं, त्यांनी प्राचीला विचारलं. ती उभी राहिली. तिच्यासमोर तीन नंबरची वही होती, मिटलेली.

“फाट्यावरची वेळ चुकली, अण्णा.”

“कशी चुकंल? हंबीररावांची वही हाय ती. एकोणीस वर्सांत चुकली न्हाई. यंत्रच खुळं हाय तुझं.”

हेच. हेच वाक्य ऐकायला हंबीरराव दिवाळीपासून झुरत होते. ते आता आलं होतं, सगळ्या संचालकांसमोर, आणि त्यांनी प्राचीच्या हाताकडे पाहिलं. तो हात वहीवर होता. तिनं वही उघडली नाही.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी आधी जागेवर जाऊन वेळ बघायला हवी होती. नुसत्या कागदावर विसंबले.”

तिनं हंबीररावांकडे पाहिलंसुद्धा नाही. भूपालअण्णा म्हणाले, मग सोमवारपासून अकरा गाड्या पूर्ववत, आणि तुझं काय करायचं ते आम्ही ठरवू. ती खाली बसली.

कुणी म्हणेल, हंबीररावांना तेव्हा पश्चात्ताप झाला. थोडा झालाही असेल. सुलाबाईचा उजळलेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. पण त्याहून जास्त त्यांना प्राचीचा हेवा वाटला, आजवर वाटला नव्हता एवढा. चहा गेला, नजर गेली, नाथाजी गेला. ते सगळं निदान यंत्राच्या जोरावर नेलं होतं. आता हे मोठेपण तर तिनं यंत्राशिवाय, नुसतं गप्प राहून उचललं होतं, आणि जन्मभर ते त्यांच्या उरावर ठेवणार होती. एवढं तिच्या पदरात पडू द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. ते उठले.

“अण्णा, यंत्र बरुबर हाय. वही खोटी हाय.” त्यांचा आवाज घोगरा झाला होता. “गाडी सहा पस्तीसला सुटायची. सहा-चौदा मी लिवायला लावलं. एकोणीस वर्सं. आनि ह्या बारीला तक्ता बघून बी मी बोललो न्हाई.”

भूपालअण्णांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि बैठक सोमवारवर ढकलली.

त्या दुपारी प्राची एक कोरी वही घेऊन हंबीररावांच्या टेबलाशी आली आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, काका, खऱ्या वेळा सांगा. त्यांनी सांगितल्या. बिरोबाच्या फाट्याचीच नव्हे, बाकीच्या रूटवरच्याही. कुठं रेल्वे फाटक पडतं, कुठं गावच्या दूध संस्थेचा सचिव उशिरा उठतो. सांगताना त्यांना लाज वाटत होती आणि आपल्याला किती माहीत आहे याचा गर्वही वाटत होता. तिनं सगळं भरलं आणि प्रोग्रॅम पुन्हा फिरवला.

उत्तर दहा गाड्यांचं आलं. फाट्याचा थांबाही राहिला. पंचवीस मिनिटं गाडी उभी करण्याचा खर्च आणि त्या एकशे चाळीस लिटर दुधाचा फायदा तिनं त्यांना समोरासमोर मांडून दाखवला. थांबणंच परवडत होतं.

“तवा कुनी हिशेब केला असता तर?” त्यांनी विचारलं.

“तरी हेच आलं असतं, काका. लपवायची गरज नव्हती.”

मग तिनं पडद्यावर तीन नंबरचा नकाशा काढला. रेघ फाट्यावरून निघाली, माळाला वळसा घालून, दोन गावं सोडून तिसऱ्यात शिरून प्लँटला आली. त्यांनी डोक्यात बसवलेला रस्ता, वळणन् वळण तोच. लाखो तऱ्हा तपासून यंत्र त्यांच्याच वाटेनं आलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना त्या पोरीशेजारी बसून बरं वाटलं.

तेवढ्यात त्यांचं लक्ष पुलाकडे गेलं. पुलावरून ते नेहमी उजवीकडे वळवायचे. रेघ डावीकडे वळली होती, आणि दीड किलोमीटर वाचवून पुढं पुन्हा त्यांच्या रस्त्याला मिळाली होती. प्राचीनंही ते पाहिलं होतं.

“तवा तो रस्ता कच्चा व्हता,” हंबीरराव म्हणाले.

“असेल ना, काका.”

चहावाला दुपारचा चहा घेऊन आला. त्यानं एक कप प्राचीपुढं ठेवला, दुसरा त्यांच्यापुढं. हंबीररावांनी कपाला हात लावला नाही. ते त्या डावीकडच्या रेघेकडेच बघत होते, आणि ती त्यांना टोचत होती.

“बारा वर्सं झाली तिथं डांबर पडून,” शेवटी ते म्हणाले. “लिव.”