झोपलेल्या ऑर्डरी

नियम माझाच. दुसऱ्या कुणाच्या डोक्यातून निघाला असता तर त्याला मनसोक्त शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. ती सोयही राहिली नाही.

बोईसरला नवापूर रस्त्यावर आमचं दुकान आहे. आम्ही त्याला दुकान म्हणत नाही, ऑफिस म्हणतो. पलंग, फ्रीज, वॉशिंग मशीन, कूलर असं सगळं महिन्याच्या वर्गणीवर भाड्याने देतो. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक तारापूरच्या कारखान्यांत आलेली बाहेरगावची माणसं. मालक धर्मेशभाई. मी धीरज, दातिवऱ्याचा, आणि माझं काम ऑर्डरींवर नजर ठेवायचं. नव्या किती आल्या, चालू किती, किती जणांनी पुढे चालू ठेवली, किती जणांनी सामान परत केलं. हे सगळं भिंतीवरच्या टीव्हीवर रंगीत चौकोनांत दिसतं. धर्मेशभाई सकाळी आले की देवाच्या फोटोआधी त्या टीव्हीकडे बघतात.

फेब्रुवारीत मी त्यात एक चौकोन वाढवला. आमच्या प्रत्येक फ्रीजच्या प्लगला एक डबी असते. फ्रीज चालू आहे की बंद, ते तिच्यावरून ऑफिसात कळतं. सलग तीस दिवस बंद असेल तर ती झोपलेली ऑर्डर, असं मी ठरवलं. कामगार माणूस गावी जातो, खोलीला कुलूप लागतं आणि एक दिवस त्याचा फोनही लागेनासा होतो. त्याआधीच आपण सामान उचलावं आणि रांगेतल्या पुढच्याला द्यावं, असा हिशेब. करारात तशी ओळ घातली, बारीक अक्षरात. धर्मेशभाईंनी पाठ थोपटली. म्हणाले, "जुलैअखेर झोपलेल्या ऑर्डरी शंभरात पाचच्या आत आण, मनोरची नवी शाखा तुझी."

पण आमच्याकडे आणखी एका जातीचं गिऱ्हाईक होतं, आणि तेही मीच आणलेलं. दातिवऱ्यातल्या एकोणीस बायका. त्यांनी मासळीसाठी डीप फ्रीजर घेतले होते, आणि त्यातला पहिला माझ्या काकीचा, गोदूबाईचा.

तो फ्रीजर येईपर्यंत काकीने आयुष्यभर रामनाथचं ऐकलं. बोट लागली की हा व्यापारी काटा घेऊन किनाऱ्यावर उभाच. मासळी थांबत नाही हे त्याला ठाऊक, तिलाही ठाऊक. तो सांगेल तो भाव. फ्रीजर आला त्या आठवड्यात ती त्याला पहिल्यांदा म्हणाली, "आज नाय देत, शेठ." दोन दिवसांनी तेच पापलेट तिने पालघरच्या बाजारात स्वतः बसून विकलं. मी घरी गेलो की दर खेपेला ती मला हा प्रसंग ऐकवायची, रामनाथचं पडलेलं तोंड करून दाखवायची आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. काका गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

नियम लिहिताना मी एवढंच विसरलो की जून-जुलै समुद्र बंद असतो. बोटी वर ओढलेल्या असतात. शेवटची मासळी विकली की आमच्या बायका फ्रीजर धुऊनपुसून बंद करतात, वास धरू नये म्हणून झाकणाखाली काठी लावून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला भरतात, वस्तू आपल्याकडे राहावी म्हणून. मी मासेमाराच्या घरात जन्मलो आणि बोईसरच्या ऑफिसात बसून वर्ष सरळ बारा महिन्यांचं धरलं. विसरलो तो गाढवपणा होता, पण त्यापुढे जे केलं ते समजून उमजून केलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकोणीसच्या एकोणीस ऑर्डरी एकाखाली एक लाल झाल्या. मला बघताक्षणी कळलं. मी धर्मेशभाईंकडे गेलो आणि म्हणालो, "या दिवसांत समुद्र बंद असतो, भाई. त्यांनी सोडलेलं नाही."

"मग दोन महिने आपला फ्रीजर तिथे काय करतोय?"

"पौर्णिमेनंतर लागेल त्यांना."

"तेव्हा देऊ की." त्यांनी मान वर न करता सांगितलं. "नियम तुझाच आहे ना? की आता तुझ्या गावाला वेगळा?"

त्या 'देऊ की'वर माझा विश्वास बसला असं मी कुणाला सांगितलं तर खोटं होईल. मला तो बसवून घ्यायचा होता. एकोणीस लाल ऑर्डरी राहिल्या असत्या तर मनोर गेलं असतं, आणि मला मनोर हवं होतं. दारावर माझ्या नावाची पाटी लागलेली मी मनात कैकदा पाहिली होती.

गाडी घेऊन प्रीतम गेला. हा आमचा ड्रायव्हर, उमरोळीचा. दुपारी त्याचा फोन आला.

"तुजी काकी दारात उबी हाय. म्हनते, धीरजला ठाव हाय काय?"

"सांग, वरून आलंय."

"वरून म्हंजे कोनाकडून?"

"कंपनीकडून सांग."

फोन चालूच होता. लांबून काकीचा आवाज आला, "अरे, जरा धीरजला फोन लाव. तो थांबवील." मी फोन कापला आणि समोरच्या यादीत तिच्या नावापुढे 'सामान परत' अशी खूण केली. महिनाअखेर झोपलेल्या ऑर्डरींचा आकडा शून्य झाला.

नारळी पौर्णिमेला घरी गेलो. गेलो नसतो तर उघडा पडलो असतो. नारळ वाहून सगळे परत आले, काकीने मला पानावर बसवलं.

"तो फ्रीज कंदी येल रे?"

"येईल, या आठवड्यात."

"नेताना तुला सांगलाच नाय त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो.

"तरीच. तुला ठाव असता तर तू नेव दिला असतास काय." आणि तिने माझ्या पानात आणखी नारळीभात वाढला. मी तो सगळा खाल्ला. टाकला असता तर तिने कारण विचारलं असतं.

फ्रीजर नव्हतेच. अकरा मनोरच्या हायवेवरच्या हॉटेलांत गेले होते, वर्षाच्या करारावर. उरलेले कारखान्यांच्या कँटीनमध्ये. धर्मेशभाईंना आठवण केली तर म्हणाले, "मागणी आली की रांगेत घे." मी तेवढ्यावर परत फिरलो. भांडण करायला तोंड कुठलं आणणार?

रविवारी बोट आली तेव्हा मी किनाऱ्यावर होतो. पापलेट असं आलं होतं की म्हातारी माणसंही बघायला उठून आली. एकेक ताटाएवढं. रामनाथ काट्याशी उभा होता. त्याने टोपल्या बघितल्या, मग काकीकडे बघितलं.

"काय गोदूबाई, आज बी नाय देत?"

त्याने भाव सांगितला. मागच्या वर्षी तिने बाजारात घेतला होता त्याच्या निम्माही नव्हता. तिने वर उन्हाकडे बघितलं, आणि एकेक टोपली पायाने त्याच्याकडे सरकवली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी टोपल्या उचलू लागलो, तर म्हणाली, "र्‍हाव दे, कपडे खराब होतील तुजे."

त्यानंतर दहा दिवसांत अठरा बायकांनी नव्याने अर्ज केले. इथे आमच्या टीव्हीची कमाल बघा. जुलैत ज्या ऑर्डरी आम्ही बंद केल्या त्या झोपलेल्या म्हणून गेल्या, आणि ऑगस्टमध्ये त्याच बायका रांगेत उभ्या राहिल्या त्या नव्या ऑर्डरी म्हणून आल्या. एवढा चढता आलेख ऑफिसने कधी पाहिला नव्हता. धर्मेशभाईंनी पेढे वाटले. माझा फोटो काढून कंपनीच्या व्हॉट्सअॅपवर सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला. खाली लिहिलं, झोपलेल्या ऑर्डरींची योजना ज्यांची, ते आमचे धीरज, मनोर शाखेचे नवे प्रमुख. संध्याकाळपर्यंत तो फोटो दातिवऱ्यातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता. मी काकीला फोन केला नाही, तिचाही आला नाही.

चौथ्या दिवशी ती स्वतः बोईसरला आली. एकोणिसावी. सकाळपासून बाकावर नंबरची चिठ्ठी धरून बसली होती. मी तिला आत बोलवायला उठलो, तर मान हलवून नको म्हणाली. तिचा नंबर आला तेव्हा ती माझ्या टेबलासमोर बसली.

"काकी, मी..."

"फारम भरा."

मी भरू लागलो. नाव, गाव, वस्तू. मी विचारेन तेवढंच उत्तर ती देत होती, बाहेरच्या माणसाला देतात तसं. शेवटचा चौकोन येतो तो, गिऱ्हाईक कुणाच्या ओळखीने आलं याचा. त्याचाही आम्ही आकडा ठेवतो. तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही.

"ओळख कुणाची?" मी विचारलं. विचारावंच लागतं.

"इथं माज्या वळकीचा कोन नाय," ती म्हणाली. "तसाच लिवा."

मी यादीतून 'ओळख नाही' निवडलं आणि तिला रांगेतला नंबर सांगितला, बेचाळीस. भिंतीवर नव्या ऑर्डरींचा आकडा एकाने वाढला.