मुक्यानं न्यायचं नवं

कॉलरच्या आत, मानेच्या घामात, भाताचं एक कुसळ अडकलेलं — टोचायचं, थांबायचं, पुन्हा टोचायचं — आणि धाकूला ते काढता येत नव्हतं, दोन्ही हात डोक्यावरच्या पाटीला. पाटीत पहिल्या लोंब्या, बांधावरचा कुरडू, झेंडू, आंब्याची पानं. बोलताही येत नव्हतं. दसऱ्याचं नवं शेतात कापल्यापासून गावदेवीच्या दाराला बांधेपर्यंत नेणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. उघडलं की नवं बाटलं, त्या साली देवीचं दार उघडंबोडकं. आणि गावानं वाटभर त्याला बोलतं करायला बघायचं, ही पण रीतच.

आता गंमत बघा, बाराही महिने लोकांच्या चपला लपवणारा, तेराव्याच्या पंगतीतही माणसं हसवणारा हा धाकू — आणि मुक्यानं चालायचा मान नेमका त्याच्या घराला! एका साली गावातली ठमाआत्या केरसुणी घेऊन वाटेत उभी राहिलेली. ‘धाकू, पँट फाटलीय रं मागून!’ तो ओठ चावत देवळापर्यंत गेला... आणि पँट खरंच फाटलेली.

आज वाटेत कोणी नव्हतं. गाव टॉवरांच्या मागे सरकलेलं, कल्याणच्या रस्त्याला डंपरची रांग. एका गेटवरचा वॉचमन म्हणाला, ‘काका, किधर का डिलिव्हरी?’ असलं झकास उत्तर जिभेवर आलं... गिळलं. पूर्वी गिळताना पोटात गुदगुल्या व्हायच्या. आता नुसतं गिळलं.

मागून मयूर आला, बाईक हळू करत. त्याचा पोरगा.

‘पप्पा, बिल्डरचा माणूस संध्याकाळी येतोय. शेताची शेवटची पट्टी आपलीच राहिलीय. देऊन टाकू ना?’

धाकू चालत राहिला.

‘बोल ना! नाय बोललास तर हो समजतो हां मी.’

वा रे पठ्ठ्या! कोणीतरी खोडी काढली एकदाची — धाकूला आतून हसू फुटलं. पोरगं माझंच. मग त्यानं तिरक्या नजरेनं बघितलं, आणि मयूरचे डोळे हसत नव्हते.

नाही म्हणून मान हलवावी, तर पाटी जाईल. पण खरंच पाटीमुळेच हलली नाही का मान?... रात्री कोणी डेब्रिज टाकून जातं ते उपसा, गटाराचं पाणी वळवा, पाखरं हाका, आणि एवढं करून पिकला तो एक कोपरा. गुडघे भरून आलेले. होऊ दे हो. माझ्या तोंडून नको, गप्प राहण्यातून होऊ दे...

देवळाच्या पायरीवर ठमाआत्या बसलेली, आता काठीवर आलेली. तिनं पाटी उतरवून घेतली, लोंब्या, कुरडू, आंब्याची पानं एकत्र वळून दाराला बांधली, फार सावकाश.

‘सुटलास रं. बोल आता.’

चार म्हाताऱ्या, दोन पोरी, मयूर — सगळ्यांचे चेहरे हसायला आधीच तयार. धाकू आता काहीतरी फेकणार.

कुसळ त्यानं चिमटीत धरून काढलं. शेत गेलं की ही वाटही गेली. मग बोलतच राहायचं, बाराही महिने, ह्या चेहऱ्यांसाठी. वर्षातून एवढ्याच वाटेवर कोणाला हसवावं लागत नव्हतं मला... हे आत्ता कळतंय, गाढवा?

‘काय मग, पप्पा?’

त्यानं तोंड उघडलं. आत ना हो होतं, ना नाही. फक्त वाटलं, देऊळ अजून थोडं लांब असायला हवं होतं.