हव्वाबीचं नाणं

"नाव नीट कोरलंस ना?" मोहिद्दीनने विचारलं.

"कोरलं ना, भाई. बघा," इद्रीस म्हणाला.

मोहिद्दीनने पोलादी ठसा उन्हात धरला. ठशावर अरबी अक्षरं उलटी असतात, नाण्यावर ती सुलट उमटतात. उलटं वाचायची तसदी कोण घेतो? माशाल्ला म्हणून त्याने ठसा परत दिला.

१९९८च्या फेब्रुवारीत दुबईच्या खाडीकाठी जुन्या काळचा बाजार मांडला होता. मोहिद्दीनचा अल कुसैसमध्ये ठसे बनवायचा कारखाना, म्हणून टांकसाळीचा मान त्याला मिळाला. इद्रीस त्याचा कारागीर, रत्नागिरीकडचा, त्याच्याच गावचा. पागोटं बांधून त्याने लोकांसमोर हातोड्याने दिरहम पाडायचे होते. त्या काळी नाण्यावर ज्याचं नाव, त्याचं राज्य. मोहिद्दीनला खलिफाच्या जागी स्वतःचं नाव हवं होतं. एकेकाची हौस, दुसरं काय!

इद्रीसची आई हव्वाबी नुकतीच रमजानात गेली होती. ती अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला तेव्हा इद्रीसने पासपोर्ट मागितला. तो मोहिद्दीनच्या तिजोरीत होता आणि या बाजाराचं काम उरकल्याशिवाय मिळणार नव्हता. लहानपणी याच मोहिद्दीनला हव्वाबीने आपल्या ताटातलं भरवलं होतं. इद्रीस तेव्हा भांडला नाही. त्याने राग गिळला आणि नवा ठसा कोरायला घेतला.

हातोडा पडू लागला. प्रत्येक घाव इद्रीस मनातून मोहिद्दीनच्या टाळक्यात घालत होता. मोहिद्दीन ताजी नाणी पाहुण्यांना वाटत फिरत होता. एका म्हाताऱ्या अरबाने नाणं डोळ्यांजवळ नेऊन मोठ्याने वाचलं, "हव्वाबी." मग ही कुठली राणी, असं त्याने कौतुकाने विचारलं.

मोहिद्दीनने हातातलं नाणं पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

"माझी आई," इद्रीस म्हणाला. "तुम्ही मला तिची माती द्यायला जाऊ दिलं नाय, भाई. आज तिचं नाव तुमच्याच हातानं वाटलंत."

"खलास," मोहिद्दीन पुटपुटला. "उद्यापासून येऊ नको."

व्हिसा रद्द करायचा म्हणजे पासपोर्ट तिजोरीबाहेर काढणं भागच होतं. कारखान्यात परतल्यावर मोहिद्दीनने तो टेबलावर फेकला. इद्रीसने शांतपणे उचलला. त्याला सूड उगवल्याचं समाधान झालं, अगदी पोटभर.

परवाचं तिकीट मिळालं. घरी कळवावं म्हणून तो फोनच्या बूथमध्ये शिरला. रिसीव्हर कानाला लावल्यावर, येतोय म्हणून सांगायला तिथं आता कुणीच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने तो हळूच जागेवर ठेवला.